फळ कुणाला दिसतं? (ख्रिस्ती सद्गुण आणि आत्मिक वाढ)

नगरची लेक

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय मनात घोळतोय. आधी घडलं ते सांगते.

माझी आई ८१ वर्षांची आहे. तिला विस्मरणाचा आजार आहे. दिवेलागण झाली की ती विचारायला लागते, "दूध तापवलं का?" तापवलं म्हटलं की "बरं" म्हणते आणि चार-पाच मिनिटांनी पुन्हा तेच. गेल्या महिन्यात एका रात्री मी दुधाचं पातेलं उचललं आणि तिच्यासमोर टेबलावर आपटलं. "हे बघ! तापवलंय! दिसतंय ना?" थोडं दूध तिच्या हातावर सांडलं. पोळण्याइतकं गरम नव्हतं, पण ती घाबरली. पदराने हात पुसत राहिली आणि हळूच म्हणाली, "चुकलं माझं."

त्यानंतर अर्ध्या तासाने आम्ही नेहमीप्रमाणे घरच्या प्रार्थनेला बसलो. मी प्रार्थना केली. संपल्यावर माझा पंधरा वर्षांचा मुलगा म्हणाला, "आई, प्रार्थनेत तुझा आवाज वेगळाच असतो गं." त्याच्या मनात टोमणा नव्हता, जाणवलं ते बोलला. मला मात्र रात्रभर झोप आली नाही.

मी मूळची नगरची. घरात सकाळ-संध्याकाळ ना. वा. टिळकांची भजनं. नवऱ्याच्या नोकरीमुळे २१ वर्षांपूर्वी म्हापशाला आले आणि इथलीच झाले. इथे आमची मराठी उपासनेची छोटी मंडळी आहे, तिथे मी संडेस्कूल घेते. दरवर्षी मुलांना बायबलमधल्या गलतीकरांस पत्रातला पाचवा अध्याय शिकवते. आत्म्याचं फळ : प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. कार्डशीटवर नऊ फळं काढून प्रत्येकात एक शब्द लिहितो. सहनशीलता दरवर्षी माझ्या हाताने केळ्यात लिहिली जाते, का कोण जाणे.

त्या रात्रीनंतर मी तो अध्याय पहिल्यापासून वाचला आणि आजवर नजरेआड झालेल्या दोन गोष्टी दिसल्या.

एक म्हणजे, हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल हे शब्द सुखासमाधानात नांदणाऱ्या मंडळीला लिहीत नाही. गलतियाच्या मंडळ्यांत सुंतेवरून, नियमशास्त्रावरून जुंपलेली होती. फळांच्या यादीआधी सातच वचनं पौल त्यांना म्हणतो की तुम्ही एकमेकांना चावता आणि खाऊन टाकता, तर जपा. मग देहाची कर्मं सांगतो, त्यात वैर, कलह, मत्सर, राग, तट, फुटी, पक्षभेद, हेवा. त्या यादीतले अर्ध्याहून जास्त शब्द भांडणाचे आहेत! आणि त्या भांडणाच्या पाठोपाठ तो फळाकडे वळतो. म्हणजे ही यादी चावाचावी चाललेल्या घरासाठी लिहिलेली आहे. माझ्यासारख्या घरासाठी.

दुसरं म्हणजे, देहाची "कर्मे" अनेकवचनी आहेत आणि आत्म्याचं "फळ" एकवचनी. मूळ ग्रीकमध्येही तसंच. म्हणजे कार्डशीटवरची नऊ फळं ही आमची करणी. पौलाच्या मनात एकच फळ आहे आणि हे नऊ गुण म्हणजे जणू त्याचा रंग, वास, रस, गर. मग "माझ्यात विश्वासूपणा आहे, फक्त सहनशीलता जरा कमी आहे" असं मी वर्षानुवर्षं स्वतःला समजावत आले, ते कितपत खरं? आंबा रंगाने पिवळा असेल आणि कापल्यावर आंबट निघाला, तर त्याला आपण पिकलेला म्हणत नाही.

मला वाटतं, आत्मिक वाढ झाली की नाही हे ज्याचं त्याला कळत नाही, घरच्यांना कळतं. मंडळीत मी एक दोन तास असते. बाकीचा सगळा वेळ मला आई बघते, नवरा बघतो, मुलगा बघतो. प्रभू म्हणतो की झाड फळावरून ओळखलं जातं. पण ओळखणारा कोण? खाणारा.

तुम्हाला काय वाटतं? तुमच्या घरात, तुमच्या वाड्यावर तुम्ही ही वाढ कशी ओळखता? ख्रिस्ती नसलेल्यांनीही लिहावं. खरं म्हणजे जरूर लिहावं.

पेडण्याचा

वाचतोय. पातेल्याचं वाचून गलबललं. आमच्याकडे आजीचं असंच होतं.

साष्टीकर

ताई, मी कॅथलिक, साष्टीतला. शाळा मराठी होती म्हणून मराठीत लिहितो, चुकलं तर सांभाळून घ्या.

पहिली गंमत अशी की तुमच्याकडे नऊ, आमच्याकडे बारा. लहानपणी रविवारी मिसेनंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) दोतोर्न, म्हणजे धर्मशिक्षणाचा वर्ग, असायची, तिथे आम्ही बारा फळं पाठ केली. जुन्या लॅटिन बायबलात यादी बाराची आहे, त्यात औदार्य, विनय आणि शुचिता जास्तीची. आमच्या चर्चच्या धर्मशिक्षणात आजही बाराच शिकवतात. शिवाय विश्वास, आशा, प्रीती हे तीन ईश्वरी सद्गुण आणि विवेक, न्याय, धैर्य, संयम हे चार आधारभूत सद्गुण. हे चार ग्रीक तत्त्वज्ञांकडून आले आणि संत ऑगस्टिन, थॉमस अक्वायनस यांनी ते ख्रिस्ती विचारात रुजवले. क्रिस्मा (दृढीकरणाचा संस्कार) घ्यायच्या आधी हे सगळं मला तोंडपाठ होतं. क्रिस्मा झाल्यावर त्याच आठवड्यात धाकट्या भावाला मी विहिरीच्या कट्ट्यावर बदडला, हेही आठवतं.

आता खरं सांगायचं ते माझ्या पप्पांचं.

पप्पा आणि त्यांचा मोठा भाऊ यांच्यात घराच्या वाटणीवरून फाटलं. गोव्यातल्या मंडळींना वेगळं सांगायला नको. आपल्या इथल्या पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्यात सगळ्या भावंडांना सारखा वाटा, मुलींनाही. कायदा चांगला आहे, पण एका घराचे पाच वाटे करायचे कसे? मग इन्व्हेंतारचा, म्हणजे वारसावाटणीचा, खटला. आमचा १४ वर्षं चालला. त्यातली पहिली आठ वर्षं दोघे भाऊ एकमेकांशी चकार शब्द बोलले नाहीत. घरं एकमेकांना लागून, मध्ये एक भिंत. मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसाकडे (क्रुसाकडे) लादीन, म्हणजे सगळ्यांची मिळून प्रार्थना, असायची. तिथे दोन्ही घरची माणसं यायची, एक खुरसाच्या उजवीकडे, एक डावीकडे. चणे वाटणारा मुलगासुद्धा दोन फेऱ्या करायचा.

एका वर्षी उपासकाळात रविवारच्या मिसेला मत्तयातलं ते वचन आलं. वेदीपाशी दान नेताना तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. मी पप्पांच्या शेजारी बसलो होतो. दान अर्पण करायची वेळ आली तसे पप्पा उठले आणि इगर्जीतून (चर्चमधून) बाहेर गेले. मला वाटलं बरं नसेल. ते थेट भावाच्या दारात गेले होते. आत माणसं होती, दार उघडलं नाही. पप्पा बलकांवावर (दारापुढच्या ओट्यावर) तासभर बसले आणि घरी आले. पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी दार उघडलं. काका म्हणाले, "चा घे." बस्स, एवढंच.

खटला काही मागे घेतला नाही. दोघांनाही आपलंच खरं वाटत होतं. पुढची सहा वर्षं तो चालला. पण तारखेला दोघे एकाच बसने मडगावला जायचे, आणि खिडकीची जागा काकांना, कारण त्यांना बस लागायची.

मी "शांती" हा शब्द त्या बसवरून शिकलो.

नगरची लेक

साष्टीकर, हे तुम्ही लिहिलंत त्याबद्दल देव बरें करूं. खिडकीच्या जागेवर मी बराच वेळ थांबले.

मुरगावकर

मला एक प्रश्न आहे, प्रामाणिकपणे विचारतो. मी देव मानत नाही. पण माझ्या ओळखीत कितीतरी माणसं अशी आहेत की ज्यांच्यात हे नऊच्या नऊ गुण आहेत आणि ती कुठल्याच देवळात किंवा चर्चमध्ये जात नाहीत. उलट पहिल्या बाकावर बसणारी माणसं कामगाराचे पैसे बुडवताना मी बघितली आहेत. मग हे गुण "ख्रिस्ती" कसे? माणसाचे चांगले गुण म्हणा की.

दुसरं, हा सगळा प्रगतिपुस्तकाचा प्रकार नाही का होत? आज सहनशीलता सात, सौम्यता पाच.

नगरची लेक

तुमच्या पहिल्या प्रश्नाला येशूनेच उत्तर दिलंय असं मी समजते. "माझा शेजारी कोण?" असं एका शास्त्र्याने विचारलं तेव्हा त्याने गोष्ट सांगितली. वाटेत पडलेल्या जखमी माणसाला बघून याजक बाजूने निघून गेला, मंदिरातला सेवक लेवी निघून गेला, आणि थांबला तो शोमरोनी. यहुदी ज्याला आपला मानतच नव्हते असा परका. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, निघताना दोन दीनार दिले आणि जास्त खर्च झाला तर परतताना देतो म्हणाला. दयेचा नमुना दाखवायला येशूने आपल्या गोटाबाहेरचा माणूस निवडला. तेव्हा हे गुण फक्त आमच्या मालकीचे, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? पहिल्या बाकावरच्या माणसांबद्दल तुम्ही म्हणता तेही खरं आहे, आणि त्या बाकावर मीही बसते.

फरक मला एवढाच दिसतो की आम्ही याला "फळ" म्हणतो. योहानाच्या पंधराव्या अध्यायात येशू म्हणतो की फाटा वेलात राहिला नाही तर त्याला आपण होऊन फळ देता येत नाही. म्हणजे माझ्यात थोडी सहनशीलता आली तर ती माझी कमाई नाही, रस दुसरीकडून आला. म्हणून तिचे गुण मला माझ्या खात्यावर मांडता येत नाहीत. प्रगतिपुस्तकाची भीती मला वाटते ती यामुळेच. मंदिरात उभं राहून "मी आठवड्यातून दोनदा उपास करतो, दशांश देतो" असं सांगणाऱ्या परूश्याकडे (नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुद्याकडे) प्रगतिपुस्तक होतं. जकातदाराकडे काहीच नव्हतं, आणि नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार.

कुळागर

मी फोंडा तालुक्यातला, हिंदू. आमचं कुळागर आहे, माड-पोफळी आणि आंब्याची कलमं. फळाची चर्चा चाललीय तर माझ्या धंद्यातलं थोडं सांगतो.

आपला मानकुराद कलमाचा. गोव्यात आंब्याची कलमं बांधायची रीत जेझुइट पाद्र्यांनी आणली असं म्हणतात. खाली रायवळ आंब्याचा खुंट, वर चांगल्या झाडाची काडी. मुळं रायवळाची, फळ मानकुरादाचं. कलम जुळलं की लोकांना वाटतं काम झालं. तिथेच फसायला होतं. जोडाच्या खाली खुंटाला फूट येते. जोरकस, हिरवीगार, दिसायला झकास. ती वेळच्या वेळी खुडली नाही तर सगळं अन्नपाणी ती खाते, वरची काडी सुकते आणि चार वर्षांनी तुमच्या दारात रायवळ उभा राहतो. नवीन माणूस म्हणतो, झाड काय जोमात वाढलंय! जाणकार आधी जोडाखाली बघतो.

तुमचा तो वाद, कृपा की प्रयत्न, मला या खुडण्यात दिसतो. काडीला मानकुरादपण मी देऊ शकत नाही, तो तिचा गुण. पण खुंटाची फूट काढायचं काम माझं आहे, आणि ते एकदाच करून भागत नाही.

आणखी दोन गोष्टी. कोवळ्या कलमाला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मोहोर येतो. शहाणा माणूस तो खुडून टाकतो. जीव तुटतो, पण लवकर फळ धरू दिलं तर झाड बसतं, त्याची वाढ खुंटते. आणि मोठं झाड एका वर्षी लदलदून येतं, पुढच्या वर्षी नुसती पालवी. त्या रिकाम्या वर्षी झाड मेलेलं नसतं, आत साठवत असतं. अशा वेळी कुऱ्हाड काढणारे मी पाहिले आहेत.

आमच्याकडे गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे २६ गुण आहेत, अभय, सत्त्वशुद्धी, दान, दम, क्षमा, मार्दव असे. तेराव्यात ज्ञानाची लक्षणं आहेत, तिथे ज्ञानदेव रमले आहेत. वडील आम्हाला सांगायचे की त्यातलं पहिलंच लक्षण अमानित्व आहे, म्हणजे स्वतःला मोठं न मानणं. ते नसेल तर पुढची वाचायची गरज नाही. आणि सहनशीलता म्हटलं की पैठणच्या नाथांचीच गोष्ट आठवते. गोदावरीत न्हाऊन वर येणाऱ्या नाथांवर तो माणूस पुन्हापुन्हा थुंकला आणि नाथ पुन्हापुन्हा नदीत उतरले. लहानपणी मला त्यात नाथांचा मोठेपणा दिसायचा. आता दिसतं ते हे की नाथांनी आंघोळी मोजल्या नाहीत, मोजल्या त्या बघणाऱ्यांनी.

नगरची लेक

दादा, तुम्ही हे लिहिल्यावर मी लूकमधला अंजिराच्या झाडाचा दाखला काढून पुन्हा वाचला. तीन वर्षं फळ नाही म्हणून मालक म्हणतो तोडून टाक. माळी म्हणतो, एवढं वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. मी आजवर त्या झाडाकडेच बघत आले. खणणाऱ्या माळ्याकडे नीट बघितलंच नव्हतं.

खुंटाच्या फुटीवरून पेत्राचं आठवलं. त्याच्या दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीला तो म्हणतो, होईल तितका प्रयत्न करून विश्वासात सात्त्विकतेची, सात्त्विकतेत ज्ञानाची, मग इंद्रियदमनाची, धीराची, सुभक्तीची, बंधुप्रेमाची आणि शेवटी प्रीतीची "भर घाला". किती आपला शब्द आहे हा. पायाशी माती वाहून गेली की माडाला आपण भर घालतो, तीच भर.

वाळपईची

मला राहवत नाही म्हणून लिहिते. सहनशीलता, सौम्यता हे शब्द ऐकले की माझ्या अंगावर काटा येतो. माझ्या बहिणीने १२ वर्षं नवऱ्याचा मार खाल्ला. जी बाई तिला भेटायला यायची ती म्हणायची, सहन कर, देव बघतोय. आम्ही ख्रिस्ती नाही, पण सगळ्या धर्मांच्या बायकांना हेच सांगतात. तुमच्या फळाच्या यादीत आणि या सांगण्यात फरक काय, तो मला कुणीतरी सांगा.

नगरची लेक

ताई, मी दोन दिवस विचार केला. घाईने उत्तर द्यायचं नव्हतं.

पौलाने वापरलेला ग्रीक शब्द आहे मक्रोथुमिया. मक्रो म्हणजे लांब, थुमोस म्हणजे राग, आवेश. राग लांबवणं, भडकायला उशीर लावणं. हा शब्द ज्याच्या हातात काही ताकद आहे त्याला जास्त लागू पडतो. माझ्या आईसमोर ताकद माझ्या हातात होती, पातेलं माझ्या हातात होतं. सहनशीलता मला शिकायची आहे, आईला नाही. तुमच्या घरात ती शिकायची होती तुमच्या बहिणीच्या नवऱ्याने. यादी चुकीच्या माणसाच्या हातात दिली गेली.

आणि येशू मुकाट्याने मार खायला सांगतो असं मला दिसत नाही. प्रमुख याजकापुढे चौकशी चालू असताना एका शिपायाने त्याला चपराक मारली, तेव्हा तो गप्प बसला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, योग्य बोललो असेन तर मला का मारतोस, असं त्याने तोंडावर विचारलं. फिलिप्पैमध्ये पौलाला चौकशीवाचून फटके मारून तुरुंगात टाकलं आणि सकाळी गुपचूप जायला सांगितलं. तो म्हणाला, आम्ही रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं. सौम्यतेचं पत्र लिहिणारा हाच पौल.

तुमच्या बहिणीला त्या बायांनी जे सांगितलं ते या फळातलं नाही. तुमची बहीण आता कशी आहे?

वाळपईची

आता आमच्याकडे आहे, तीन वर्षं झाली. शिवणकाम करते. "यादी चुकीच्या माणसाच्या हातात दिली" हे मी तिला वाचून दाखवलं. काही बोलली नाही, पण पुन्हा वाच म्हणाली.

साष्टीकर

वाळपईची ताई, बहिणीला माझा नमस्कार सांगा.

सौम्यता म्हणजे दुबळेपण नव्हे, यावरून आमचे संत जुझे वाझ आठवले. १६५१ मध्ये बाणावलीत जन्म, घर सांकवाळचं. श्रीलंकेत तेव्हा किनारपट्टीवर डचांचा अंमल, कॅथलिक धर्मगुरूंना बंदी. हा माणूस १६८७ मध्ये मजुराच्या वेशात तिथे गेला. कँडीला पोचल्यावर पोर्तुगीजांचा हेर म्हणून कैदेत पडला. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. माणसं आपल्या आजाऱ्यांना टाकून पळाली. हा आणि त्याचा भाचा, तोही पाद्री, मागे राहिले. टाकलेल्यांना धुतलं, भरवलं, मेलेल्यांना पुरलं. त्यात ख्रिस्ती कोण, बौद्ध कोण, बघितलं नाही. १७११ मध्ये तिथेच गेले. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत जाहीर केलं, तेव्हा आमच्या वाड्यावर टीव्हीसमोर म्हातारी माणसं रडत होती. मला त्यातलं देवीच्या फोडांना हात लावणं मोठं वाटतं. त्यात "ममता" हा शब्द मला दिसतो.

पोथीवाचक

भाषेबद्दल एक भर घालतो. गोव्यात मराठीतून ख्रिस्ती सद्गुणांवर बोलणं आजचं नाही. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले, साष्टीत राहिले, इथली भाषा शिकले आणि १६१६ मध्ये रायतूरला त्यांचं क्रिस्तपुराण छापलं गेलं. दहा हजारांवर ओव्या! देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून छापलं रोमी लिपीत. मराठीची थोरवी गाणारी त्यांची ओवी आपण सगळे शाळेत शिकलो. इंग्लंडातून आलेल्या माणसाने इथल्या माणसाच्या कानाला ओवी गोड लागते हे ओळखलं आणि चाळीसेक वर्षं त्या कानासाठी खपला. मी याला प्रीतीच म्हणेन. दुसऱ्याची भाषा मनापासून शिकायला त्या नऊपैकी बरेच गुण लागतात.

मांडवीकाठ

पहिल्यांदाच लिहितोय. इंद्रियदमनाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

मी दारू सोडून ९ वर्षं झाली. त्याआधी १७ वर्षं प्यालो. बायकोचे दागिने गेले, एक नोकरी गेली. चर्चमध्ये चारदा सगळ्यांसमोर गुडघे टेकून सोडली, चारही वेळा महिन्याच्या आत पुन्हा धरली. मला वाटायचं इंद्रियदमन म्हणजे मूठ आवळून इच्छा दाबणं. मूठ किती वेळ आवळणार?

शेवटी एका मित्राने एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) सभेला नेलं. पहिलंच पाऊल असं होतं की आपण हतबल आहोत हे कबूल करायचं. मी म्हटलं, हे तर पौलच म्हणतो, जे चांगलं करावंसं वाटतं ते मी करत नाही. पंधरा वर्षं उपदेश ऐकून जे तोंडातून निघालं नव्हतं ते त्या खोलीत निघालं, कारण समोरच्या प्रत्येकाने आधी ते म्हटलं होतं.

बस स्टॉपपासून माझं घर सात मिनिटांवर, वाटेत तीन बार. त्या दिवसापासून मी एक स्टॉप आधी उतरतो आणि शेतातल्या बांधावरून चालत जातो. वीस मिनिटं लागतात, पावसात चिखल तुडवावा लागतो. ९ वर्षं झाली तरी मी अजून एक स्टॉप आधीच उतरतो. लोक म्हणतात आता काय, तू बरा झालास. एप्रिलमध्ये काजूच्या भट्ट्या पेटल्या आणि वारा त्या बाजूने आला की मला कळतं मी किती बरा झालोय ते.

ताईंनी विचारलं वाढ कशी ओळखायची. माझी धाकटी मुलगी पूर्वी मी घरात शिरलो की माझ्या चालण्याचा आवाज ऐकायची. दार उघडायच्या आधी तिला कळायचं. आता ती आपल्या अभ्यासातून मान वर करत नाही.

पेडण्याचा

काय लिहू. दादा, लिहीत राहा.

मुरगावकर

मांडवीकाठ, मी आधी लिहिलेलं प्रगतिपुस्तकाचं मागे घेतो. तुमची मुलगी मान वर करत नाही, याला गुण देणारी वही कुठे मिळायची नाही.

देवाबद्दल माझं मत आहे तेच आहे. पण एक गोष्ट मी करून बघितली. परवा जेवताना बायकोला विचारलं की गेल्या दहा वर्षांत माझ्यात काय बदललं. ती म्हणाली, खरं सांगू का? मग वीस मिनिटं खरं सांगितलं. जड गेलं. पण विचारलं हे बरं झालं.

नगरची लेक

मुरगावकर, मलाही धीर करून घरात विचारायचंय. अजून विचारलेलं नाही.

मांडवीकाठ, तुमच्या पायवाटेबद्दल मी रविवारी संडेस्कूलमध्ये सांगू का? नाव-गाव काही सांगणार नाही. यंदा नऊ फळांची कार्डशीट करायची नाही असं ठरवलंय. मुलांनी एकच फळ काढायचं, प्रत्येकाने आपापल्या घरी जे आवडतं ते.

मांडवीकाठ

सांगा. चिखलाचंही सांगा.

कुळागर

ताई, तुमच्या अंगणात ऊन किती वेळ असतं? माझ्याकडे मानकुरादाची दोन वर्षांची दोन चांगली कलमं आहेत. तुम्हाला एक देतो. आत्ता मे संपायच्या आत खड्डा घ्या. मीटरभर लांब, मीटरभर रुंद, तेवढाच खोल घेतला तर उत्तम. खणून उन्हात तापू द्या. तळाशी पालापाचोळा, वर शेणखत आणि माती. पहिले दोन पाऊस पडून गेले की लावा. जोड मातीच्या वर राहायला हवा, हे विसरू नका. आणि खुंटाची फूट दर पंधरवड्याने बघायची.

नगरची लेक

दादा, खड्डा झाला. काल मुलाने आणि मी मिळून खणला. खाली जांभा लागला, पहारीने फोडावा लागला.

आईला व्हरांड्यात खुर्ची दिली होती. ती बघत होती. "खड्डा कशाला?" मी म्हटलं, आंबा लावायचाय. "कुठला?" मानकुराद. "कधी लागेल?" पाचेक वर्षांनी. "बरं." थोड्या वेळाने पुन्हा, "खड्डा कशाला?"

चौदा वेळा सांगितलं. मुलगा मोजत होता, मी नाही. पंधराव्या वेळी माझा आवाज चढला. पहार खाली ठेवली, आत जाऊन पाणी प्यायले. बाहेर आले तेव्हा ती मुलाला विचारत होती, खड्डा कशाला. तो म्हणाला, "आजी, आंबा लावायचाय. मानकुराद. पाच वर्षांनी लागेल, तू आणि मी खाऊ." मी तिच्या पायाशी बसले आणि मग पुढच्या वेळी मी सांगितलं.